सत्ताविसाव्या खेळीचा वेळ

इव्होनं उंट एक घर मागे घेतला, खुर्ची सरकवली आणि उठून तो व्हरांड्यात गेला. जाताना त्यानं घड्याळाची कळ दाबली नाही.

मर्विन टॅगार्टला हे डोळ्यांआधी कानांनी कळलं. कार्मडीनं क्लबला दिलेल्या बुद्धिबळाच्या जुन्या घड्याळाच्या दोन बाजूंचा आवाज एकसारखा नाही. उजवी बाजू स्वच्छ टिकटिकते, डावी जरा घोगरी आहे, जुन्या माणसाच्या घशात काहीतरी अडकल्यासारखी. आपली पाळी आली की उजवी बाजू बोलायला लागते हे बावीस वर्षांत त्याच्या अंगवळणी पडलं होतं. आता पाळी त्याची होती आणि घोगरी बाजू चालूच होती. त्यानं मान वर केली. इव्होच्या बाजूची कळ वर होती, त्याची स्वतःची खाली दबलेली. इव्होचा मोठा काटा सहाला वीस कमीवर, त्याचा स्वतःचा सहाला तेहतीस कमीवर. सहा वाजले की ज्याचा त्याचा लाल झेंडा पडणार आणि ज्याचा पडला तो हरणार. भिंतीवरच्या खऱ्या घड्याळात चार वाजून सात मिनिटं झाली होती. म्हणजे आता तो जो विचार करेल तो इव्होच्या वेळातून वजा होणार होता.

त्यानं व्हरांड्याच्या दारातून पाहिलं. इव्हो स्क्राचिच कठड्याला टेकून उभा होता, पाठ आतल्या बाजूला. खाली बोलिंग क्लबच्या हिरवळीवर पांढऱ्या कपड्यांतली म्हातारी माणसं वाकून गोळे सोडत होती, त्यांच्या पलीकडे छपरं, आणि छपरांच्या पलीकडे समुद्रात कोळशाची जहाजं नंबराची वाट बघत उभी होती. प्रत्येक खेळीनंतर इव्हो तिथं जातो आणि जहाजं मोजतो. काल अकरा होती, आज नऊ आहेत, असं येऊन सांगतो. शहात्तर वर्षांचा माणूस. डावाच्या वेळी कानातलं यंत्र बंद करून खिशात टाकतो, कारण त्याला खुर्च्यांचे आवाज सहन होत नाहीत. त्याला टिकटिक ऐकू येणार नव्हती. हाक मारून सांगायचं म्हटलं तरी मोठ्यानं मारावी लागली असती आणि सगळ्या दालनाला कळलं असतं. उठून जायचं, खांद्याला हात लावायचा आणि बोट दाखवायचं. सहा पावलं. मर्विन उठला नाही. त्यानं पटाकडे पाहिलं आणि स्वतःला सांगितलं, आधी पट बघून घेऊ.

पटावरची खेळी त्याला लगेच दिसली. घोडा उचलायचा आणि काळ्या राजासमोरच्या प्याद्याच्या तोंडात नेऊन ठेवायचा. प्याद्यानं घोडा घेतला की राजापुढची उभी पट्टी उघडी पडते, आणि त्या पट्टीच्या दुसऱ्या टोकाला पांढरा हत्ती आधीच उभा आहे. नाही घेतला तर घोडा तिथंच बसून राहतो आणि काळ्याला श्वास घेता येत नाही. एवढं दिसायला त्याला एक क्षण लागला असेल. हा डाव जिंकला तर हिवाळ्याआधीच्या क्लबच्या स्पर्धेत तो पहिला. बरोबरी झाली तरी पहिला इव्होच. चहाच्या टेबलामागच्या लाकडी पाटीवर सोनेरी अक्षरांत विजेत्यांची नावं आहेत, दर वर्षाची एक ओळ, आणि तिथं इव्होचं नाव नऊ वेळा आहे. मर्विनचं एकदाही नाही. अकरा वेळा तो दुसरा आला होता, आणि दुसऱ्याचं नाव कुठंच लिहीत नाहीत. तो एकसष्ट वर्षांचा होता. पुढल्या वर्षी क्लबात खेळणाऱ्या शाळेतल्या दोन हुशार मुली मोठ्यांच्या गटात येणार होत्या, त्या दोघींपुढे आपलं काही चालणार नाही हे त्याला माहीत होतं. म्हणजे हेच वर्ष. आणि आता काही न करता, नुसतं बसून, वीस मिनिटांत ते हातात पडणार होतं. नियमांत कुठंही असं लिहिलेलं नव्हतं की समोरचा कळ दाबायला विसरला तर त्याला सांगावं.

घोड्याची खेळी खरी आहे का ते तपासायला हवं होतं. तपासता तपासता त्याला प्रू लॅथलीनचा कागद आठवला. प्रू क्लबची सचिव, हायस्कुलात गणित शिकवते, आणि आज पंच म्हणून तीच दालनाच्या टोकाला बसून वह्या तपासत होती. घड्याळाची पाठ तिच्याकडे होती. तीन आठवड्यांपूर्वी ती त्याच्या घरी आली होती, हातात केकचा डबा आणि बगलेत फाईल. मर्विनची एक जुनी सवय आहे. डाव लिहिताना प्रत्येक खेळीपुढे तो त्या खेळीला लागलेली मिनिटं लिहितो. कोणी शिकवलं नव्हतं. क्रिकेटचा पंच म्हणून खिशात खडे ठेवून चेंडू मोजायची सवय होती, तीच इकडे आली असेल. असे तीनशे बारा डावांचे कागद त्याच्या कपाटात बुटांच्या खोक्यांत होते. प्रूनं ते मागून नेले आणि अख्खी सुट्टी संगणकावर घालवली.

"बस. आणि रागवायचं नाही," ती म्हणाली होती.

"मी रागवतो कधी?"

"म्हणून तर आधी सांगते. न रागवणारी माणसं वाईट रागवतात." तिनं केकचा तुकडा त्याच्यापुढे सरकवला. "एका मिनिटाच्या आत खेळलेल्या तुझ्या खेळ्या. विसात एक चूक. एवढं आपल्या क्लबात कोणाचंच चांगलं नाही, इव्होचंही नाही. आता हे बघ. दहा मिनिटांच्या वर. तिनात एक."

"अवघड जागीच माणूस जास्त वेळ घेतो, प्रू. अवघड जागी चुका होणारच. यात तुझं गणित कुठं आलं?"

"मीही पहिल्यांदा हेच म्हटलं. म्हणून सारख्याच अवघड जागा वेगळ्या काढल्या. काहींत तू चार मिनिटं घेतलीस, काहींत वीस. आठ मिनिटांपर्यंत तू सुधारतोस. मान्य. आठनंतर नाही. आठनंतर तू विचार करत नाहीस मर्व, नुसता बसून राहतोस. आणि शेवटी भलतीच तिसरी खेळी करतोस, जी तू एक मिनिटही तपासलेली नसते."

"हे तुला कसं कळलं? मी काय तपासलं ते कागदावर नसतं."

"डाव संपला की तू दर वेळी म्हणतोस, ही मला पहिल्यांदाच दिसली होती. मी ते लिहून ठेवते. एक्केचाळीस वेळा म्हणालास. त्यातल्या अठ्ठावीस वेळा ती पहिलीच बरोबर होती."

तो हसला होता. नंतर भांडी घासताना हसू गेलं. बावीस वर्षं त्याची समजूत होती की आपण सावकाश आहोत पण कसून विचार करणारे आहोत. इतर लोक धसमुसळे. कोणी विचारलं तर तो म्हणायचा, मी वेळ घेतो. ते म्हणताना त्याला थोडं बरं वाटायचं. आता कोणीतरी कागदावर आखून दाखवलं होतं की तो वेळ रिकामा होता. इव्होला त्यानं हे गाडीत सांगितलं होतं, डोळे रस्त्यावर ठेवून. दर शनिवारी तोच इव्होला घरी सोडतो. इव्होला नवल वाटलं नाही.

"मी भट्टीवर होतो," इव्हो म्हणाला होता. तिथला कारखाना बंद होऊन पाव शतक झालं तरी तो अजून भट्टीवरूनच बोलतो. "लोखंड ओतायची वेळ आली की आली. तू विचार करत बसलास तर ते विचार करत नाही. ते भांड्यातच गोठतं. मग घ्या घण आणि बसा फोडत."

"आणि घाईनं ओतलं तर?"

"तर पाय जातो. म्हणून माझे दोन्ही आहेत. डावीकडे वळ. डावीकडे, मर्व, रोजचा रस्ता आहे. हाही विचार करून वळणार का?"

त्यानं घड्याळाकडे पाहिलं. चार मिनिटं गेली होती. इव्होचा काटा सहाला सोळा कमी. व्हरांड्यात इव्होनं एक पाय दुसऱ्या पायावर टाकला होता. आठव्या मिनिटापर्यंत आपण सुधारतो, मर्विननं हिशेब केला, म्हणजे अजून चार मिनिटं बसायला हरकत नाही, हा विचार तर चांगल्यातला आहे. मग त्याच्या लक्षात आलं की आपण घोड्याबद्दल बोलत नाही आहोत. घोडा केव्हाच ठरला होता. तो पुन्हा पटाकडे वळला आणि हट्टानं दुसरी खेळी शोधू लागला. वजीर बाजूला, मग प्यादं पुढे, मग काळा हत्ती येतो, मग काय. मधेच धागा तुटायचा आणि घोगरी टिकटिक वर यायची. त्याला वाटलं, आवाज वाढलाय. बाहेर बोलिंगच्या हिरवळीवर कोणाचा तरी गोळा चांगला लागला असावा, दोन-चार माणसं बारीक टाळ्या वाजवत होती. छपराच्या पत्र्यावर एक काळा-पांढरा मॅगपाय पक्षी चालत होता, त्याच्या नखांचा खरखर आवाज दालनभर येत होता. मार्चचं ऊन खिडकीतून येऊन त्याच्या डाव्या मनगटावर पडलं होतं आणि मनगट भाजत होतं. त्यानं ते हलवलं नाही.

मैदानावर तो असा नव्हता. सव्वीस वर्षं तो जिल्ह्याच्या क्रिकेटमध्ये पंच म्हणून उभा राहिला, आणि लोक म्हणायचे, टॅगार्टचं बोट चेंडूच्या आधी उठतं. पायचीत असो, झेल असो, अपील संपायच्या आत निर्णय. तो विचार करत नसे. पाहत असे, ऐकत असे, आणि बोट वर जाई किंवा जात नसे. शिव्या खूप खाल्ल्या, पण त्या चुकल्याच्या नव्हेत. फक्त एकदा त्यानं वेळ घेतला होता. सीसनॉकच्या मैदानावर अंतिम सामना, डूगल फिंच खेळत होता. डूगल त्याच्या बायकोचा, लोरेनचा, धाकटा भाऊ. पंच कमी होते, तेव्हा असं चालायचं. शेवटून दुसरं षटक. चेंडू बाहेरून गेला, कडेला लागल्याचा आवाज आला, वाळलेली काटकी मोडावी तसा, आणि यष्टिरक्षकानं झेल घेतला. अकराच्या अकरा जण ओरडले. ज्याला आपल्या बॅटची कड लागलेली कळते तो पंचाची वाट न बघता चालू लागतो अशी जुन्यांची रीत. डूगलचे वडील तसे चालणारे होते. डूगल चालला नाही. तो हातमोजा नीट करत मर्विनकडे बघत उभा राहिला. मर्विननं आवाज ऐकला होता. पहिल्या क्षणालाच बोट वर जायला निघालं होतं. मग तो विचार करू लागला. आवाज पॅडचा नसेल ना, वारा होता ना, माझं लक्ष पायाकडे होतं ना. सहा सेकंद. मैदानावर सहा सेकंद म्हणजे फार. सहा सेकंदांनी त्यानं मान हलवली, नाबाद. संध्याकाळी डूगलनं त्याला बिअरचा ग्लास आणून दिला आणि म्हणाला, "तू नीट विचार केलास ते बरं केलंस." दोघांनाही ठाऊक होतं. मर्विननं ग्लास संपवला. त्या सहा सेकंदांना तो इतकी वर्षं विचार म्हणत आला होता.

इव्होचा काटा सहाला अकरा कमी. नऊ मिनिटं. आता तो सुधारण्याच्या पलीकडे गेला होता. त्याला घाम आला होता, मानेच्या मागं, कॉलरच्या आत. सांगायचं असतं तर पहिल्या मिनिटात सांगायचं होतं. आता सांगितलं तर इव्हो घड्याळ बघेल, वजाबाकी करेल आणि विचारेल, नऊ मिनिटं काय करत होतास? तेव्हा सांगणं सोपं होतं, आता अवघड झालं होतं, आणि दर मिनिटाला जास्त अवघड होत होतं. आणि तेच त्याच्या सोयीचंही होत होतं. आणखी अकरा मिनिटं अवघड वाटत राहिलं की प्रश्नच उरणार नव्हता. हे त्याला अगदी स्वच्छ दिसलं. दिसूनही तो उठला नाही. त्यानं डोळे पटावर ठेवले, भुवया आवळल्या, कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, टॅगार्ट फार खोल गेलाय.

लोरेन असंच म्हणायची, खोल जाऊ नकोस. देशाच्या पार उत्तर टोकाला, डार्विन शहरातल्या इस्पितळातली जागा तिला मिळाली तेव्हा ती स्वयंपाकघरात उभी होती, हातात नेमणुकीचं पत्र, ओल्या बोटांचे डाग पडलेलं. "मी एकटी जाऊ, की आपण जाऊ?" तिनं विचारलं. "तू काय म्हणतोस?" मर्विनला त्याच क्षणी उत्तर माहीत होतं. त्याला जायचं नव्हतं आणि तिनं जावं असंही वाटत नव्हतं. हे वाक्य तोंडातून काढायला चार सेकंद पुरले असते. तो म्हणाला, "मला विचार करू दे." जूनमध्ये, इकडे हिवाळा सुरू होताना. जुलैत ती म्हणाली, अजून? तो म्हणाला, इतकी मोठी गोष्ट आहे. ऑगस्टच्या शेवटी तिनं दोन बॅगा भरल्या. विमानतळावर तिनं रडारड केली नाही, फक्त म्हणाली, "मर्व, तू विचार करत नव्हतास रे. तू माझं पत्र शिळं व्हायची वाट बघत होतास." तेव्हा ते त्याला अन्यायाचं वाटलं होतं. अख्खा हिवाळा तो रात्रंदिवस तेच घोळत होता, आणि ही म्हणते विचार केला नाही. आता प्रूच्या कागदावर तोच हिवाळा एका रेघेत होता. आठ मिनिटांनंतर रेघ खाली जाते.

बाहेर इव्हो वळला. मर्विननं नजर झटकन पटावर आणली. इव्हो आत आला, दारात थांबून त्यानं बुटाचा तळ पायपुसण्यावर घासला, आणि येऊन समोर बसला. आता त्याचं घड्याळाकडे लक्ष जाईल. गेलं नाही. त्यानं पटाकडे पाहिलं, मग मर्विनकडे, आणि समजूतदारपणे हलकेच मान हलवली, जसं कोणी दाढदुखीच्या माणसाकडे बघून हलवतं. त्याच्या लेखी विचार मर्विनचा चालू होता आणि वेळही मर्विनचाच जात होता. घे, म्हणाली त्याची मान, घे हवा तेवढा. मग त्यानं हात पोटावर बांधले आणि डोळे मिटले. त्याच्या पापण्या पातळ होत्या, आत डोळे हलताना दिसत होते. त्याच्या पुढ्यातल्या कागदावर सव्विसाव्या खेळीची त्याची जागा कोरी होती. उंट मागे घेतला, ते लिहायलाही तो विसरला होता. मर्विनला ती कोरी जागा बराच वेळ दिसत राहिली. गेल्या महिन्यात इव्हो गाडीतून उतरून शेजाऱ्याच्या फाटकातून आत गेला होता आणि मग हसत परत आला होता. दोघांनी त्यावर विनोद केला होता.

सहाला पाच कमी. मर्विनला आता स्वतःच्या श्वासाचा आवाज येत होता. काट्याचं टोक झेंड्याच्या खाली येऊन त्याला टेकायच्या बेतात होतं. तीन मिनिटं उरली की काटा झेंड्याला वर उचलू लागतो, हळूहळू, आडवा होईपर्यंत, आणि बाराच्या रेघेवर तो सुटतो. हे घड्याळ क्लबच्या स्थापनेच्या वेळचं. कार्मडीनं ते देताना लिहून ठेवलं होतं की हे चालतंय तोवर शेवटचा डाव याच्यावरच खेळावा. नवी घड्याळं आली, आकड्यांची, सेकंद देणारी, पण शेवटच्या डावाला हेच निघतं. त्याच्यावर सेकंद दिसत नाहीत. किती उरलं ते माणसानं काट्याच्या जाडीवरून ओळखायचं. लाल पत्रा थरथरला आणि केसभर वर सरकला.

मर्विनचं बोट उठलं. त्यानं ते घड्याळाकडे केलं आणि टेबलावर दुसऱ्या हाताच्या बोटानं दोनदा टकटक केली. इव्होनं डोळे उघडले. त्यानं बोट पाहिलं, मग बोट जिकडे होतं तिकडे पाहिलं. त्याचा चेहरा क्षणभर एकदम रिकामा झाला, घरात शिरल्यावर भिंती बदललेल्या दिसाव्यात तसा. मग तो हसला. बहिऱ्या माणसाच्या कुजबुजीत, म्हणजे दालनाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, तो म्हणाला, "ठाऊक आहे मला. मुद्दाम ठेवलंय. तुला जास्त वेळ दिला की तू घाण करतोस. प्रूनं सांगितलंय ना?"

"श्श," प्रू टोकावरून म्हणाली. तिनं वही खाली ठेवून इकडे पाहिलं. तिला काय चाललंय ते कळलं नव्हतं.

इव्होनं कळ दाबली. दाबताना त्याचं बोट एकदा चुकून घड्याळाच्या लाकडावर पडलं. मग त्यानं पेन घेतलं आणि सव्विसावी खेळी लिहिली, आणि लिहिताना ती कोणती होती ते पटावर बघून खात्री करून घेतली. मर्विनला निर्णय द्यायला एक सेकंदही लागला नाही. मुद्दाम नव्हतं. तो विसरला होता. आणि मी सतरा मिनिटं पाहत होतो. उजवी बाजू स्वच्छ टिकटिकू लागली. त्यानं घोडा उचलला, प्याद्याच्या तोंडात ठेवला आणि कळ दाबली. त्याचा काटा हललाही नव्हता.

इव्होकडे तीन मिनिटांहून थोडं कमी होतं. पण त्यानं तोंड वाकडं केलं नाही. प्याद्यानं घोडा घेतला, हत्तीचा शह आला, राजा कोपऱ्यात. तो पटापट खेळत होता, आणि चांगला खेळत होता. मर्विनला भीती वाटली की हा यातूनही निसटेल. दुसरा शह, उंट मध्ये. वजीर आला, त्यावर इव्होनं स्वतःचा हत्ती अशा घरी आणला, जे मर्विनच्या हिशेबातच नव्हतं. मर्विननं प्यादं पुढे केलं. लाल पत्रा आता जवळजवळ आडवा होता. इव्होचं लक्ष पटावर होतं, पूर्ण, त्याच्या ओठांवर त्याच्या गावच्या भाषेतलं काहीतरी चाललं होतं. त्यानं वजिराकडे हात नेला. टक् असा बारीक आवाज झाला. इव्होला तो ऐकू आला नाही.

"झेंडा," मर्विन म्हणाला.

म्हणून झाल्यावर त्याला कळलं की आपण म्हणालो. बोट पुन्हा घड्याळाकडे होतं. या वेळी ते लगेच उठलं होतं, मैदानावर उठायचं तसं. घड्याळ दाखवायला सतरा मिनिटं, झेंडा दाखवायला एक क्षण. इव्होचा हात वजिरावर थांबला. त्यानं झेंडा पाहिला, हात मागे घेतला, आणि पटावरून मर्विनपुढे धरला. हात कोरडा आणि गरम होता. "छान खेळलास," तो म्हणाला. मग त्यानं खिशातून यंत्र काढून कानात बसवलं, ते शिट्टी वाजवून चालू झालं. चहाच्या टेबलाकडची पाच-सहा माणसं आली. कोणी मर्विनच्या पाठीवर थाप मारली. "बाराव्या वर्षी का होईना," कोणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, "आता पाटीवर याचं नाव मावेल का बघा, टॅगार्ट म्हणजे लांबलचक." मर्विन हसला. त्याला पाटी दिसत होती, इव्होच्या नवव्या नावाखालची रिकामी जागा, लाकडाचा रंग तिथं जरा गडद होता. माणसं बोलत बोलत पुन्हा चहाकडे गेली.

प्रू आली. तिनं दोघांचे कागद उचलले, सह्या घेतल्या, खाली निकाल लिहिला. मर्विनचा कागद ती मिनिटांच्या रकान्यावरून बोट फिरवत वाचू लागली. आता तिला ती सवयच लागली होती. बोट थांबलं.

"सत्ताविसावीपुढे वेळ नाही लिहिलास."

"नाही."

"कधी विसरत नाहीस तू." तिनं घड्याळाकडे पाहिलं, त्याचा काटा, मग कागदावरचे वरचे आकडे. मनात बेरीज करताना तिचे ओठ हलतात. "तुझ्या घड्याळावर तर या खेळीला काहीच लागलेलं नाही. शून्य लिहू? पण खेळी चांगली आहे, मर्व. घोडा. बघ, मी म्हणत होते ना. पहिल्याच क्षणाला सुचली असणार."

"हो."

"मग शून्य लिहिते."

"सतरा," मर्विन म्हणाला.

"सतरा काय?"

"सतरा मिनिटं लागली. माझ्या घड्याळावरची नाही. त्याच्या."

प्रूचं पेन कागदावर तसंच राहिलं. तिनं मर्विनकडे पाहिलं, मग इव्होकडे. इव्हो सोंगट्या खोक्यात ठेवत होता, पांढऱ्या एका बाजूला, काळ्या दुसऱ्या. मर्विन त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मुद्दाम ठेवलं होतं, असं तो पुन्हा म्हणेल, प्रू हसेल, आणि सगळं तिथंच संपेल. काळा राजा बोटांत धरून इव्हो त्या राजाकडेच बघत होता, जणू तो कुठल्या बाजूला जातो ते आठवत नव्हतं.

"पण खेळी पहिल्या क्षणाला सुचली म्हणतोस," प्रू म्हणाली. तिचा आवाज शाळेतला झाला होता, चुकीचं उत्तर कुठून आलं ते शोधतानाचा. "मग सतरा मिनिटं कसला विचार करत होतास?"

"विचार करत नव्हता," इव्हो म्हणाला. तो रागानं बोलला नाही, आज जहाजं नऊ आहेत असं सांगावं तसं बोलला. "माझा झेंडा पडायची वाट बघत होता." त्यानं राजा खोक्यात ठेवला आणि मर्विनकडे पाहिलं. "हो ना, मर्व?"

"हो," मर्विन म्हणाला. त्याला वेळ लागला नाही.